महासम्मत आणि शासनमुक्त समाज : अग्गञ्ञसुत्ताच्या एका वाचनाचा परामर्श

राज्यसंस्था नसेल तर माणसे सुरक्षित राहू शकतील काय, हा प्रश्न नवा नाही. क्रोपोट्किन यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या परस्परसाहाय्यावरील ग्रंथात त्याचे होकारार्थी उत्तर सुचविले आहे. आपल्याकडे विनोबांनी शासनमुक्त समाजाची कल्पना मांडली, आणि तिच्यामागे गांधीजींची ग्रामस्वराज्याची धारणा होती. या परंपरेतील विचार बौद्ध वाङ्मयाकडे वळला म्हणजे त्याला दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त अनुकूल वाटणे स्वाभाविक आहे. कारण या सुत्तात राजा आरंभी नाही, तो मागाहून येतो. आरंभीचे प्राणी राजाविना सुखाने नांदत होते, लोभामुळे त्यांची घसरण झाली आणि त्या घसरणीचे एक अपत्य म्हणजे राज्य. तेव्हा लोभ गेला की राज्यही जाईल, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. हे वाचन मूळ पाठापुढे टिकत नाही, असे आमचे मत आहे. परंतु त्यात तथ्यांश मुळीच नाही, असेही नाही.

सुत्तातील घटनाक्रम बारकाईने पाहावा. भाताचा साठा करण्याची वृत्ती बळावली, शेतांना बांध पडले, आणि कोणी एक लोभी प्राणी स्वतःचा वाटा राखून दुसऱ्याचा वाटा उचलू लागला. लोकांनी त्याला धरले, पुन्हा असे करू नकोस म्हणून समज दिली. त्याने मान्य केले आणि पुन्हा तेच केले. तिसऱ्या खेपेस लोकांनी त्याला मारले. कोणी हाताने, कोणी ढेकळाने, कोणी काठीने. चोरी, निंदा, असत्य आणि दंड या चारही गोष्टी येथून सुरू झाल्या, असे सुत्त सांगते. राजा अद्याप आलेलाच नाही. दंड हा राज्याने शोधून काढलेला नाही. तो जमावाच्या हातात आधीच होता. राजाविना चाललेल्या न्यायदानाचे चित्र सुत्तकाराने येथे काढले आहे, आणि ते चित्र ढेकळे फेकणाऱ्या गर्दीचे आहे.

त्यानंतर लोक एकत्र जमतात, झाल्या प्रकाराचा खेद करतात आणि आपल्यातील अधिक देखण्या, अधिक प्रसन्न, अधिक समर्थ अशा एका व्यक्तीकडे जातात. तिच्याकडे कोणती कामे सोपविली जातात? ज्याच्यावर रोष धरणे योग्य त्याच्यावर रोष धरावा, जो निंदेस पात्र त्याची निंदा करावी, जो हद्दपारीस पात्र त्याला हद्दपार करावे. बदल्यात लोक त्याला भाताचा वाटा देतील. या यादीत मारहाण नाही, ही गोष्ट अनेक विवेचकांच्या नजरेतून निसटते. काठी जमावाच्या हातून काढून घेतली जाते, पण ती जशीच्या तशी महासम्मताच्या हाती दिली जात नाही. त्याच्याकडे येतो तो निर्णयाचा अधिकार : कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरविण्याचा. शिवाय त्याचे नावच सांगते की तो महाजनांनी संमत केलेला आहे.

ब्राह्मणी ग्रंथांशी तुलना केली तर हा भेद अधिक ठळक होतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात अराजकाच्या भयातून राजा उत्पन्न होतो खरा, पण ईश्वर त्याला देवांच्या अंशांपासून घडवितो, आणि त्याचे रक्षणकर्तव्य वर्णाश्रमाचे असते. शांतिपर्वातही मोठा मासा लहान माशाला गिळतो म्हणून माणसे ब्रह्मदेवाकडे धाव घेतात. भय दोन्हीकडे आहे. परंतु तेथे त्यावरचा उपाय वरून उतरतो, येथे तो लोकांच्या बैठकीतून निघतो. रिचर्ड गोंब्रिच यांच्यासारखे विद्वान या सुत्तातील उत्पत्तिकथेला ब्राह्मणांच्या सृष्टिकथांचे विडंबन मानतात. ब्राह्मणकुळातील वासेट्ठ आणि भारद्वाज यांना त्यांच्या जातभाईंनी शिव्याशाप दिले, या प्रसंगातून सुत्त सुरू होते, हे पाहता त्या मताला आधार आहे. मात्र विडंबन म्हणजे विचारच नव्हे, असे मानण्याचे कारण नाही.

शासनमुक्तीच्या समर्थकांना खरा आधार सापडतो तो निराळ्याच सुत्तात. चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजा रक्षणाची व्यवस्था ठेवतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी होते. राजा चोराला धन देतो, तर चोऱ्या वाढतात. मग तो चोराचे शिर उडवितो, तर लोकही शस्त्रे घडवून गावे लुटू लागतात आणि लुटलेल्यांची शिरे उडवितात. राज्याने शिकविलेली हिंसा प्रजा शिकते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितले असेल. पुढे आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर येते आणि सात दिवसांचा शस्त्रकल्प येतो. माणूस माणसाला श्वापद समजून मारतो. त्या वेळी काहीजण गवतात, रानात, डोंगरकपारीत लपतात. सात दिवसांनी बाहेर येऊन ते एकमेकांना मिठी मारतात, तू जिवंत आहेस म्हणून आनंद मानतात आणि प्राणिहिंसा सोडण्याचा निश्चय करतात. तेथे राजा नाही, पंच नाहीत, पहारेकरी नाहीत. समाजाची पुनर्घडण शीलापासून सुरू होते; शंख नावाचा चक्रवर्ती अवतरतो तो फार नंतर. हा भाग शासनमुक्तीच्या बाजूने निःसंशय वजनदार आहे. परंतु गवतातून बाहेर आलेली ही माणसे सर्वस्व गमावून एका पातळीवर आलेली आहेत. त्यांच्यात कोणी जमीनमालक नाही, कोणी वेठबिगार नाही.

या समानतेचा मुद्दा भिक्खुसंघाच्या उदाहरणानेही तपासता येतो. संघाला राजा नव्हता, आणि तथागतांच्या परिनिर्वाणानंतर कोणी एक व्यक्ती प्रमुख नेमली गेली नाही. धम्म हाच आमचा आधार, असे आनंदांनी वस्सकाराला सांगितल्याचे गोपकमोग्गल्लानसुत्तात आले आहे. तरीही संघ शिस्तीने चालला. परंतु दुसऱ्या पाराजिकाची कथा पाहावी. कुंभारपुत्र धनियाने राजाचे लाकूड नेले, तेव्हा किती मूल्याच्या चोरीला पाराजिक मानावे हे ठरविण्यासाठी तथागतांनी पूर्वाश्रमी न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्खूस विचारले की, बिंबिसार राजा किती किमतीच्या चोरीसाठी मृत्यू, बंधन वा हद्दपारी देतो. उत्तर आले : एक पाद, म्हणजे त्या काळच्या राजगृहात पाच मासक. संघाने चोरीचे माप मगधाच्या न्यायासनाकडून घेतले. राजाचा सैनिक, ऋणको आणि दास यांना प्रव्रज्या न देण्याचे नियमही याच वास्तवाची साक्ष देतात. यांतील दासाविषयीचा नियम आपल्याला सलतो, आणि तो सलला पाहिजे. अंगावर राज्य नसलेला हा समाज राज्याच्या सावलीत उभा होता.

राज्याविना सुव्यवस्था राखण्याचे साधन कोणते, याचे उत्तर कोसंबीच्या कलहात मिळते. भांडणारे भिक्खू तथागतांचेही ऐकेनात, तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी त्यांना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. भिक्खू नमले. ना काठी, ना कारागृह, केवळ बहिष्कार. महावग्गातील ही कथा वाचताना आपण उपासकांच्या बाजूने असतो.

हेच साधन महाराष्ट्रातील गावात कसे चालले, हे मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने नोंदवून ठेवले आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते, आणि तिच्या अहवालाचा दाखला त्यांनी गोलमेज परिषदेपुढे दिला. अस्पृश्यांनी हक्क मागितला की जमिनी काढून घ्यावयाच्या, मजुरी बंद करावयाची, वाट अडवावयाची, वाण्याने माल द्यावयाचा नाही. काठी उचलण्याचीही गरज पडत नसे. कोसंबीत बहिष्कृतांपाशी संघ सोडण्याची, समेट करण्याची वाट होती. येथे अन्नाला दुसरे दार नव्हते. मेटकाफ यांनी १८३० मध्ये भारतीय गावांना छोटी गणराज्ये म्हटले होते. त्या गौरवाचा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समाचार घेतला, तो या अनुभवातून. शासनमुक्त समाज सभासदाचे परक्यापासून रक्षण करील, चोरापासूनही करील. संपूर्ण समाजच ज्याच्यावर उठला आहे त्याचे रक्षण कोणी करावयाचे, याचे उत्तर त्या विचारात आम्हाला आढळत नाही.

म्हणून राज्य असले की झाले, असेही नव्हे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली तेव्हा राज्य होते, पोलीस ठाणे होते आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही होता; तरी २००८ च्या निकालात सत्र न्यायालयाने त्या कायद्याखाली कोणाला दोषी धरले नाही. ढेकळे फेकणारा जमाव आणि महासम्मताचा दरबार यांतील अंतर अशा वेळी मिटून जाते. परंतु तक्रार करावयाची ती कोणाकडे, आणि कोणत्या वचनाच्या आधारे, हे तरी राज्यात सांगता येते. महासम्मत भाताचा वाटा घेतो, म्हणून त्याला जाब विचारता येतो. जमाव कोणाकडून वाटा घेत नाही.

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी साम्यवाद्यांना हाच प्रश्न विचारला होता : राज्य गळून पडेल म्हणता, मग त्याच्या जागी काय येईल? बळ काढून घेतल्यावर समाजाला धरून ठेवील ते धम्मच, असे त्यांचे उत्तर होते. त्यावरून ते शासनमुक्तीच्या जवळ आले, असे काहीजण म्हणतात. त्यांनी १९४७ साली सादर केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्याकडे दुर्लक्ष केले तरच असे म्हणता येईल. त्या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी आहे, आणि तिची कलमे त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तसा कायदा २०१६ मध्ये संमत केला; तो अमलात आला २०१७ मध्ये, मसुद्यानंतर सत्तर वर्षांनी.