बंदूक खाली ठेवली तर काय उरते?

१९९८ साली ‘अनरील’ सुरू करणाऱ्याच्या हातात पहिली काही मिनिटे बंदूकच नसे. कैद्यांना घेऊन निघालेले ‘व्होर्टेक्स रायकर्स’ हे यान एका अनोळखी ग्रहावर कोसळले आहे. दिवे लुकलुकत आहेत, बंद दारापलीकडून किंकाळ्या येत आहेत आणि कैदी क्रमांक ८४९, म्हणजे आपण, चाचपडत बाहेरची वाट शोधतो आहोत. अखेर यानाबाहेर पाऊल पडते आणि समोर ना पाली नावाचा ग्रह उभा राहतो: खोल दरी, उंच कड्यावरून कोसळणारे पाणी, मोकळे आभाळ. त्या काळच्या नेमबाजीच्या खेळांनी बोळ आणि तळघरे खूप दाखवली होती. अशी उघडी दरी फारशी कुणी दाखवली नव्हती. खेळणारा तिथे थबकायचा. गोळी झाडायला समोर कुणी नसायचे आणि तरीही पुढे जावेसे वाटत नसे.

परग्रहावर उतरायचे, तिथे जे अंगावर येईल ते मारायचे आणि जिवंत परतायचे, हा शूटर गेमचा एक जुना आणि भरभराटीचा उपप्रकार आहे. त्यातल्या गेमला मी एकच कसोटी लावतो. हातातली बंदूक मिनिटभर खाली ठेवली, तर त्या ग्रहावर काय उरते? काही गेममध्ये बरेच काही उरते. काहींत रिकामे मैदान उरते आणि त्यात पुढच्या गोळीची वाट पाहणारे आपण. या कलेची आजची अवस्था या एका प्रश्नाने बरीचशी उलगडते.

मुळाशी एक मजेशीर उलटापालट आहे. १९७८ साली तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, तेव्हा परके आपल्यावर चालून येत होते आणि आपण खाली उभे राहून राखण करत होतो. शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने धावू लागत. यंत्राला कमी आकृत्या काढाव्या लागत, म्हणून खेळ आपोआप वेग घेई. निशिकादोंनी हा दोष तसाच ठेवला आणि तोच खेळाचा थरार झाला. पुढे दिशा फिरली. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये सॅमस अ‍ॅरान झेबेस ग्रहाच्या पोटात उतरली. १९९३ च्या ‘डूम’ने मंगळाच्या फोबॉस आणि डायमॉस या चंद्रांवर नरकाचे दार उघडले. आता चालून जाणारे आपण होतो, पण आक्रमक अशी पाटी त्यांच्याच गळ्यात राहिली. आपण ‘परग्रहवासी’ हा शब्दही त्यांच्याच घरात उभे राहून त्यांनाच लावतो.

ही विसंगती ज्यांना जाणवली, त्यांनी चांगले गेम केले. ‘अनरील’मध्ये स्कार्ज नावाचे चपळ शिकारी आहेत, ते आपली गोळी चुकवतात. पण त्याच ग्रहावर नाली आहेत: चार हातांचे, शांत, स्कार्जांनी गुलाम केलेले लोक. त्यांच्यावर बंदूक रोखली तर ते भीतीने आक्रसतात, आणि त्यांना वाचवले तर कधी कधी एखादी गुप्त जागा दाखवतात. गेम कुठेही उपदेश करत नाही. न मारण्याला त्याने किंमत दिली, एवढेच.

चार वर्षांनी, २००२ साली, टेक्ससमधल्या रेट्रो स्टुडिओजने ‘मेट्रॉइड प्राइम’ आणला. माझ्या मते या प्रकाराने गाठलेली ती सर्वांत उंच जागा आहे. त्यात सॅमसच्या डोळ्यांवरची काच हेच मुख्य यंत्र आहे. पाऊस पडला की काचेवर थेंब साचतात, जवळ स्फोट झाला की तिच्याच डोळ्यांचे प्रतिबिंब क्षणभर चमकते. या काचेतून किडा, भिंत, यंत्र, काहीही ‘स्कॅन’ करता येते आणि त्याची माहिती वाचता येते. टॅलन चार हा ग्रह उल्केबरोबर आलेल्या विषाने कसा नासला, तिथे राहणाऱ्या चोझोंनी काय लिहून ठेवले, हे सगळे अवशेषांतून कळते. शत्रूंच्या टिपणांत आपलाही उल्लेख सापडतो. सॅमस अंगाची गोळी करून घरंगळते, ती युक्ती स्वतःच्या माणसांवर उतरवू पाहणाऱ्या अवकाशचाच्यांचे काय हाल झाले, हे त्यांच्याच नोंदींत वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. ग्रह वाचायचा असतो, मारणे वाटेत येते.

त्याआधी वर्षभर, २००१ च्या नोव्हेंबरात, बंजीचा ‘हेलो’ एक्सबॉक्सबरोबर आला आणि बाजार त्याने जिंकला. त्यात ग्रह नाही, अवकाशात फिरणारे अजस्र कडे आहे. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर क्षितिज वर वळत आभाळात चढत जाते. शत्रूच्या टोळीला स्वभाव आहे: एलाइट पडला की बुटके ग्रंट हात वर करून पळत सुटतात. एका वेळी दोनच बंदुका, आपोआप भरणारे कवच, हाताशी असलेला ग्रेनेड हे गणित पुढे सगळ्यांनी उचलले. उत्तरार्धात मात्र ‘हेलो’ त्याच त्या बोळांतून परत फिरवतो, हा आरोप तेव्हाही झाला आणि तो खरा आहे. त्या कड्याचे रहस्य जितके मोठे, तितके ते चालून पाहण्याचे सुख उत्तरार्धात उरत नाही. अनुकरण करणाऱ्यांनी त्यातले गणित घेतले, क्षितिज सोडून दिले.

ग्रह मागे का पडतो, हे समजायला ‘हाफ-लाइफ’चे उदाहरण बोलके आहे. १९९८ चा तो गेम प्रयोगशाळेत अप्रतिम होता आणि झेन या परक्या जगात पोहोचताच कोलमडला: उड्या, पोकळी, घाई. पुढे चाहत्यांच्या क्रोबार कलेक्टिव्ह या गटाने ‘ब्लॅक मेसा’ नावाने तो पुन्हा घडवला. २०२० साली तो पूर्ण झाला, तेव्हा त्यातले झेन एक सलग, दमट, जिवंत जग झाले होते. गुलाम केलेले व्हॉर्टिगाँट तिथे आपल्या वस्तीत, आपल्या भीतीत दिसतात. मूळ गेममध्ये जे केवळ लक्ष्य होते, त्याला पुन्हा घडवताना चेहरा मिळाला. ग्रह कच्चा राहतो तो बहुधा तंत्र कमी पडल्यामुळे नव्हे. त्याच्यासाठी वेळच ठेवलेला नसतो.

जपानच्या कॅपकॉमने २००६ साली वेगळी वाट धरली. ‘लॉस्ट प्लॅनेट’मधला बर्फाळ ग्रह स्वतःच मारतो. अंगातली उष्णता सेकंदासेकंदाला घटत असते आणि ती भरायची तर अ‍ॅक्रिड नावाचे प्रचंड जीव मारून त्यांच्या देहातली ऊब काढून घ्यावी लागते. इथे माझ्या कसोटीला चपराक बसते. बंदूक खाली ठेवली की तुम्ही गारठून मरता. पण त्याच चपराकीत गेमचे मर्म आहे. या ग्रहावर माणसाचे जगणे म्हणजे दुसऱ्याची ऊब चोरणे, ही गोष्ट एका घटत्या आकड्याने सांगितली जाते.

२०२१ साली आलेले दोन गेम शेजारी ठेवले की पुढचा रस्ता दिसतो. पहिला ‘आउटरायडर्स’. पृथ्वी संपल्यावर माणसे इनॉक नावाच्या ग्रहावर येतात. पुढे उघड होते की त्यांच्याआधी पोहोचलेल्या माणसांनी पॅक्स या मूळ रहिवाशांचा अमानुष छळ केला होता. केवढा मोठा विषय! पण हे कळल्यावर गेम आपल्याला काय करायला लावतो? पुढची टोळी मारा, पडलेल्या बंदुका उचला, त्यातली जास्त आकड्यांची निवडा. कथा अपराध सांगते आणि हात तोच अपराध करत राहतात. ही विसंगती मुद्दाम साधलेली आहे, असे मानायला गेममध्ये जागाच नाही.

दुसरा ‘रिटर्नल’, हेलसिंकीच्या हाउसमार्क स्टुडिओचा. ही मंडळी मूळची आर्केडची. पडदाभर रंगीत गोळ्यांचा पाऊस पाडायचा आणि त्यातून सुईच्या टोकाएवढी वाट काढायला लावायची, हे त्यांचे कसब. सेलीन ही अंतराळवीर अ‍ॅट्रोपॉस ग्रहावर कोसळते, मरते आणि पुन्हा त्याच मोडक्या यानाशेजारी जागी होते. दर वेळी वाटा बदललेल्या असतात. रस्त्यात तिला स्वतःचेच मृतदेह सापडतात, स्वतःच्याच आवाजातल्या नोंदी ऐकू येतात. त्या परक्या रानात मध्येच विसाव्या शतकातले एक घर उभे असते, तिच्या स्वतःच्या आयुष्यातले. कंट्रोलरमधून पावसाची बारीक थरथर तळहाताला जाणवते. इथे शत्रुत्व ग्रहाचे की सेलीनच्या मनातल्या अपराधाचे, हे शेवटपर्यंत नीट वेगळे करता येत नाही, आणि तेच गेमचे यश आहे. २०२२ साली ‘बाफ्टा’ने त्याला सर्वोत्कृष्ट गेम ठरवले ते योग्यच. दोष सांगायचा तर सुरुवातीला मधेच थांबून खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. नोकरी-घर सांभाळणाऱ्याला दोन तासांची धाव अर्धी टाकून उठणे परवडत नाही. काही महिन्यांनी ती सोय आली.

पण आजचा सगळ्यात मोठा आवाज स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेडने २०२४ च्या फेब्रुवारीत आणलेल्या ‘हेलडायव्हर्स २’चा आहे. बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती खपल्या. त्याची मुळे हाइनलाइनच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ कादंबरीवर पॉल व्हरहोव्हनने १९९७ साली काढलेल्या उपरोधी चित्रपटात आहेत. ‘सुपर अर्थ’ नावाची राजवट लोकशाही पसरवण्याच्या घोषणा देत ग्रहामागून ग्रह जाळते. ज्या किड्यांना मारायचे, त्यांच्याच देहातून इंधन काढले जाते. स्वतःच्या सोबत्याची गोळी लागून मरणे हा रोजचा विनोद. लाखो खेळाडूंचे निकाल एकत्र करून युद्धाचा नकाशा हलतो. मॅलेव्हेलॉन क्रीक हा जंगलग्रह शत्रूच्या यंत्रमानवांच्या हाती गेला, तेव्हा लोक हरणार हे माहीत असूनही तिथेच लढत राहिले आणि एप्रिलमध्ये तो परत मिळाल्यावर त्याचा स्मृतिदिन झाला. एकदा नवे सुरुंग मिळवायचे की एका ग्रहावरचे मुलांचे रुग्णालय वाचवायचे, असा पर्याय आला. खेळाडूंनी रुग्णालय निवडले. कुठल्याही लिखित कथेने न दिलेला ग्रह इथे माणसांनी आपापसांत घडवला.

मात्र उपरोधाचीही मुदत असते. युद्ध कधीच संपू द्यायचे नाही, या राजवटीच्या धोरणावर गेम हसतो. पण तो चालू राहण्यासाठी, नव्या बंदुका आणि पोशाख विकले जाण्यासाठी, खुद्द गेमलाही युद्ध संपू देता येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात सोनीने पीसीवरच्या खेळाडूंवर प्लेस्टेशनच्या खात्याची सक्ती जाहीर केली. नाराजीचा असा भडका उडाला की तीन दिवसांत माघार घ्यावी लागली. त्या दिवसांत लोक प्रचाराच्याच भाषेत कंपनीशी लढले. उपरोध गेमच्या बाहेर पडून जिवंत झाला, तो बहुधा एवढ्या एकाच प्रसंगी.

सोबत्यांसह खेळायच्या त्याच चौकटीत एक प्रेमळ अपवाद आहे, कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’. २०२० साली तो पूर्ण स्वरूपात आला. चार बुटके खाणकामगार हॉक्सेस चार ग्रहाच्या अंधाऱ्या गुहांत एका कंजूष कंपनीसाठी खनिज खणतात. कुठलीही भिंत खणता येते, त्यामुळे ग्रह म्हणजे नुसता पडदा राहत नाही, हाताखालची माती होतो. काम संपले की परतीचे यान येते आणि काही मिनिटांत निघून जाते. मागे राहिलेल्यासाठी कंपनी थांबत नाही. ‘लूटबग’ नावाचे गुबगुबीत, निरुपद्रवी जीव मारले तर पोटातले सोने मिळते, आणि न मारता त्यांना थोपटताही येते. थोपटण्याचे बटण ठेवणारा माणूस या कलेला नीट समजलेला आहे.

भारतात हा खेळ फोनवर खेळला जातो, त्यामुळे आपल्याकडचा प्रयत्नही तिथेच झाला. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ हा बॅटल रॉयल, म्हणजे आकसत्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकून राहण्याचा, शूटर आणला. विरलोक नावाची कल्पित भूमी, मिथवॉकर नावाचे लढवय्ये आणि ज्याच्यासाठी झुंज चालते ते कॉस्मियम. भारतीय शिल्प आणि भविष्य यांची सांगड रंगरूपात उतरली आहे, आणि अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम ताब्यात घेऊनही जिंकता येते, हा नियम कौतुकाचा आहे. पण बॅटल रॉयलच्या साच्यात ग्रहाला बोलायला वेळच नाही. आकसत्या वर्तुळात कमानी आणि खांब आडोसा म्हणून उपयोगी पडतात, त्यांच्याकडे पाहायला कुणी थांबत नाही. पुण्यात हे कसब आहे, हे सिद्ध झाले. आता त्यांनी वर्तुळाबाहेरचा गेम करावा.

एकूण हिशेब असा. गोळी सुटण्याचे सुख, आवाज, प्रकाश, शत्रूची हालचाल यांत ही कला आज कधी नव्हती इतकी पोचलेली आहे. मागे पडले आहे ते पाहणे. कायम चालू राहणाऱ्या गेमांनी ग्रहाची ‘साइट’ केली आहे: रोज हजेरी लावा, ठरलेले काम उरका, बक्षीस घ्या. ज्यांना तीही हजेरी मिळत नाही, ते सरळ बंद होतात. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २०२४ च्या २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला मिटला. अठरा वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या डिसेंबरात ‘मेट्रॉइड प्राइम ४’ आला, यातच सारे आले. ग्रह वाचायला लावणारा गेम मोठ्या पैशाला परवडत नाही, असे बाजाराने ठरवून टाकले आहे. ‘रिटर्नल’ आणि ‘डीप रॉक’ दाखवतात की बाजाराचे हे मत चुकीचे आहे.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी नव्या ग्रहावर उतरलात की पहिला शत्रू दिसण्याआधी मिनिटभर बंदूक खाली करून उभे राहा. करमले, तर गेम पुढे खेळा.