तक्रार नावाचा वाङ्मयप्रकार

मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातील एका गृहसंकुलाची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारला एका खाजगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार मेले. दोन्ही गावांत लोकलच्या एका स्टेशनाचे अंतर. दुसऱ्या घटनेनंतर आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे युनोकडे नेता येणार नाही का?" मी साहित्याचा मास्तर, कायदा माझा विषय नव्हे. पण उत्तर शोधण्यासाठी तक्रारीचे नियम वाचायला घेतले आणि माझ्या लक्षात आले की, हेही एक वाङ्मयशास्त्रच आहे. तक्रार कशी लिहावी, तिची भाषा कोणती, तिच्यात काय चालत नाही, हे सारे तेथे ठरवून दिलेले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २००७ साली तक्रारींची जी पद्धत घालून दिली, तिच्यातली एक अट अशी की, तक्रारीची भाषा शिवराळ नसावी. असल्यास तेवढे शब्द गाळून उरलेला मजकूर विचारात घेता येतो! १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्थापित समीक्षकांपैकी अनेकांना नेमके हेच हवे होते. शब्द गाळा, मग वेदना वाचू. जिनिव्हाचा सभ्यपणा आणि सदाशिव पेठेचा सभ्यपणा यांचे नाते मला जवळचे वाटते.

बाकीच्या अटी मात्र हसण्यावारी नेता येत नाहीत. केवळ वर्तमानपत्रांतील बातम्यांवर तक्रार उभी करता येत नाही. देशातले उपाय आधी संपवावे लागतात. ते निरुपयोगी असतील किंवा अकारण लांबत असतील तरच सूट. शिवाय ही वाट एकट्यादुकट्या घटनेसाठी नाही. सातत्याने चाललेली घोर पायमल्ली दाखवावी लागते. आणि सारे कामकाज गोपनीय.

सरकार उत्तरच देत नसेल तर काय? या प्रश्नावर मला सर्वांत मोलाचा वाटला तो उरुग्वेचा दाखला. एदुआर्दो ब्लेअर हा कम्युनिस्ट कार्यकर्ता १९७५ साली लष्करी राजवटीत पकडला गेला आणि नाहीसा झाला. घरच्यांनी मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. सरकारचे म्हणणे काय, तर त्याच्या नावाचे अटक वॉरंट आहे, आम्हीच त्याला शोधत आहोत! १९८२ साली समितीने निर्णय दिला : पुराव्याचे सगळे ओझे तक्रारदारावर टाकता येणार नाही, कारण माहितीच्या किल्ल्या बहुधा सरकारच्याच हाती असतात. चौकशी करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ते नीट उत्तर देत नसेल तर तक्रारदाराच्या कथनाला वजन द्यावे लागेल. म्हणजे मौन हे सरकारच्याच विरुद्ध जाते. समितीच्या हाती पोलीस नाहीत, हेही तितकेच खरे. ब्लेअरचे अवशेष मिळाले ते २०१९ मध्ये, एका लष्करी तळाच्या आवारात.

पण हा न्याय आपल्याला लागू नाही. भारताने १९७९ साली नागरी आणि राजकीय हक्कांचा करार स्वीकारला. व्यक्तीला दाद मागू देणारा त्याचा जोडकरार स्वीकारला नाही. वंशभेदविरोधी करारातली तशीच तरतूदही मान्य केली नाही. दार बंद असलेल्या घराचे मौन मोजायचे कोणी? उरतात ती सरकारने स्वतःविषयी पाठवायची अहवालपत्रे. मानवी हक्क समितीपुढे भारताची तपासणी १९९७ साली झाली आणि त्यानंतर थेट २०२४ साली. सत्तावीस वर्षे. तेवढ्यात आमच्या वर्गातली सगळी मुले जन्मली आणि मतदार झाली.

तरी मौन हे आपल्या राज्यकर्त्यांचे खरे कसब नव्हे. त्यांचे कसब अर्थ बदलण्यात आहे, आणि येथे समीक्षकाचे काम सुरू होते. १९६५ साली वंशभेदविरोधी कराराचा मसुदा होत असताना 'डिसेंट', म्हणजे कूळ, जन्माने आलेले मूळ, हा शब्द त्यात घालावा अशी सूचना भारतानेच केली. पुढे समितीने १९९६ साली सांगितले की जात या शब्दात येते. २००२ साली ते सर्व देशांसाठी स्पष्ट केले. २००७ साली तपासणी झाली तेव्हा भारत सरकार म्हणाले, आम्हाला तो अर्थ अभिप्रेतच नव्हता. शब्द आमचा, अर्थही आम्हीच सांगू! हीच रीत घरातही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की, हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात आणि टाकीत मेलेल्यांचा रकाना वेगळा : धोकादायक सफाई. एके काळच्या पँथरच्या तोंडी हे वाक्य यावे!

मौनाला ब्लेअर निर्णयाचे उत्तर आहे. या उत्तराला उत्तर फक्त तपशिलाचे. आपल्या आत्मकथनांनी 'मी'ला भाषा दिली, हे ऋण मोठे आहे. परंतु तक्रारीला 'मी' पुरत नाही. टाकीत उतरायला कोणी सांगितले, किती वाजता, ठेका कोणाचा, गुन्हा कोणत्या कलमाखाली, भरपाई किती आणि कधी, हे आपण लिहून ठेवत नाही. मोर्चा काढतो, निवेदन देतो, पोच घ्यायला विसरतो.

बाबासाहेब असे विसरणारे नव्हते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी युनोला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या स्थितीवर युनोसाठी अहवालही तयार केला. मग घटना समितीला आणि येणाऱ्या संसदेला संधी द्यावी म्हणून तो पाठवला नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनीच हे सांगितले. ती संधी देऊन सत्तर वर्षे उलटली.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, नेता येईल. विशेष प्रतिवेदकांकडे व्यक्तीलाही पत्र धाडता येते, देशातले उपाय संपण्याची वाट पाहावी लागत नाही. ते सरकारला विचारतात, साठ दिवस थांबतात, नंतर पत्र आणि उत्तर दोन्ही प्रसिद्ध होतात. उत्तर आले नाही, तर ती रिकामी जागाही प्रसिद्ध होते. वर्गाने दोन वह्या केल्या आहेत, एक २०१९ ची, एक २०२४ ची. गुन्ह्याची नोंद, शवविच्छेदन अहवाल, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलेल्या दहा लाखांचे, २०२३ पासूनच्या तीस लाखांचे काय झाले त्याची विचारणा, प्रत्येकाची पोच चिकटवायची आहे. पहिल्या मसुद्यात मुलाने एक शिवी लिहिली होती. ती मी खोडली नाही.