विश्वरूपदर्शन आणि दुर्योधनाचा संशय

प्रास्ताविक :
धर्मग्रंथांतील चमत्कार श्रद्धा दृढ करण्यासाठी येतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि, चमत्कार प्रत्यक्ष पाहूनही ईश्वरत्व न मानणाऱ्या व्यक्ती त्याच ग्रंथांत आढळतात. महाभारतातील दुर्योधन हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या संशयाचे मूळ केवळ अहंकारात आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाभारतातील व्यक्तींना मानवी पातळीवर समजून घेण्याची इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील (१९६७) दृष्टी येथे उपयुक्त ठरते.

विवेचन :
उद्योगपर्वात श्रीकृष्णाची शिष्टाई निष्फळ ठरते. दुर्योधन त्याला बंदिवान करण्याचा बेत आखतो, तेव्हा श्रीकृष्ण कौरवसभेत विश्वरूप प्रकट करतो. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषी यांना ते पाहण्याची दिव्य दृष्टी लाभते. इतर राजे भयाने डोळे मिटतात. दुर्योधनाचा निश्चय मात्र ढळत नाही. पुढे उलूकाकरवी पाठविलेल्या निरोपात तो श्रीकृष्णाला आव्हान देतो, की सभेत मायेने घेतलेले रूप पुन्हा घेऊन रणांगणावर यावे. तशी माया आपणही करू शकतो. म्हणजे दुर्योधन घटना नाकारीत नाही, तिचा अर्थ नाकारतो. भीष्मांना जे ईश्वरी रूप वाटते, ते त्याच्या लेखी इंद्रजाल ठरते.

या अर्थनिर्णयामागे अनुभव आहे. सभापर्वात मयासुराने बांधलेल्या सभेत स्फटिकभूमीला पाणी समजून त्याने वस्त्रे सावरली आणि पाण्याला भूमी समजून तो त्यात पडला. भीमादिकांनी त्याचा उपहास केला. डोळ्यांना दिसते ते खरे असतेच असे नाही, हा धडा त्याला पांडवांच्याच घरी मिळाला होता. त्यामुळे त्याचा संशय सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

मात्र हा संशय एकांगी आहे. श्रीकृष्णाच्या रूपाविषयी शंका घेणारा दुर्योधन राज्यावरील स्वतःच्या हक्काविषयी कधीच शंका घेत नाही. ते रूप मान्य करणे म्हणजे पांडवांचा वाटा परत देणे होय. ही किंमत त्याला नको आहे. याउलट भीष्मपर्वात अर्जुन स्वतः विश्वरूपदर्शनाची प्रार्थना करतो. तेथे विश्वास आधी आहे, दर्शन नंतर.

निष्कर्ष :
चमत्कार स्वतःचा अर्थ स्वतः सांगत नाही. पाहणाऱ्याचा पूर्वानुभव आणि हितसंबंध तो ठरवितात. विश्वरूपानेही दुर्योधनाचे निर्णयस्वातंत्र्य हिरावले जात नाही. म्हणूनच युद्धाचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. संशय घेणे हा त्याचा दोष नव्हे. तो स्वतःपर्यंत न नेणे हा दोष होय.