'टेंडर मर्सीज' : मद्यविरतीचे एक चित्र

व्यसनमुक्तीचा चित्रपट म्हटला की प्रेक्षक काही ठरावीक दृश्यांची वाट पाहतो: थरथरणारे हात, रुग्णालयाची खोली, रडून घेतलेली शपथ. १९८३ च्या 'टेंडर मर्सीज' या अमेरिकी चित्रपटात यांपैकी काहीच नाही, आणि म्हणूनच आम्ही त्याची दखल घेत आहोत. दिग्दर्शन ब्रूस बेरेसफोर्ड यांचे. पटकथाकार हॉर्टन फूट आणि नायक मॅक स्लेजची भूमिका करणारे रॉबर्ट डुव्हाल या दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळाले.

टेक्सासच्या उजाड सपाटीवरील एका मोटेलात एकेकाळचा नामवंत कंट्री गायक दारूच्या झिंगेत पडून राहतो. खिशात पैसा नाही. व्हिएतनाम युद्धात पती गमावलेली मालकीण रोझा ली त्याला कामावर ठेवते. अट अशी की, कामावर असताना प्यायचे नाही. पुढे दोघे विवाह करतात. तो विवाहसोहळाही पडद्यावर दिसत नाही.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान मानले आहे, आणि 'वेरमणी' म्हणजे स्वतः होऊन स्वीकारलेली विरती. मालकिणीची अट ही विरती नव्हे; ती पोटासाठी पाळलेली शिस्त होय. ती मॅकची स्वतःची केव्हा होते, हा आमच्या मते चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. त्याने लिहिलेले गाणे नाकारले जाते. संतापाने तो गाडी घेऊन निघून जातो, बाटली विकत घेतो आणि रात्री परत येऊन पत्नीला सांगतो की, ती ओतून टाकली. त्या रात्री त्याच्यावर कोणाचाही पहारा नव्हता.

चित्रपटाचे शीर्षक बायबलच्या स्तोत्रांतून आलेले आहे. त्याची श्रद्धा ख्रिस्ती आहे, हे उघड आहे. परंतु ती श्रद्धा फसवी नाही. बाप्तिस्म्यानंतर रोझा लीचा मुलगा सनी विचारतो, काही वेगळे वाटते का? मॅक म्हणतो, अजून नाही. पुढे त्याची तरुण कन्या मोटार अपघातात मरण पावते. पूर्वी दारूच्या नशेत झालेल्या अपघातातून आपण वाचलो, मग ती का गेली, असे तो भाजीच्या वाफ्यात कुदळ चालवीत विचारतो. पटकथा उत्तर देत नाही, आणि कुदळही थांबत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. मॅकच्या पिण्याचे चटके सोसलेल्या पहिल्या पत्नीला, डिक्सीला, पटकथेने केवळ आक्रस्ताळी करून सोडले आहे. तिची बाजू ऐकली असती तर मॅकचे परिवर्तन इतके स्वस्त वाटले नसते. मुख्य पात्रांत एकही कृष्णवर्णीय वा मेक्सिकन वंशाची व्यक्ती नाही, हेही आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.

शेवटच्या दृश्यात मॅक आणि सनी फुटबॉल फेकत असतात. रोझा ली घरातून पाहते. कोणी काही बोलत नाही.