'कोण करणार?' : भूमिकेचा वारसा आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागल्या, की भंडारा जिल्ह्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानाच्या व जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. येथील नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि बहुधा पहाटेपर्यंत रंगते. नाटकाला बसणारा प्रेक्षक मात्र त्या रात्रीच नाटकाकडे वळतो असे नाही. भोंगा लावलेली गाडी गावातून फिरून गेली, हस्तपत्रके वाटली गेली, म्हणजे साकोली-लाखांदूरकडच्या पानठेल्यावर आणि धानाच्या खळ्यावर एका प्रश्नाची चर्चा सुरू होते: यंदा अमुक काम कोण करणार? गेल्या वर्षीचा नट यंदा नसेल, तर त्याच्या जागी आलेल्याला ते पेलेल काय? नाटक अद्याप कोणी पाहिलेले नसते. तरी त्यावर मते तयार असतात, आणि ती आग्रहाने मांडली जातात.

नाट्यसमीक्षेच्या ग्रंथांत या बोलण्याला स्थान मिळालेले नाही. प्रयोग पाहिल्यावाचून केलेली टीका ती टीकाच नव्हे, असा त्यामागील समज दिसतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. कारण प्रयोगापूर्वीच्या या चर्चेत प्रयोगावर मत दिलेलेच नसते. मत असते ते भूमिकेवर, आणि त्या भूमिकेवर कोणाचा अधिकार पोचतो यावर. असे मत देण्यास भूमिका ठाऊक असणे एवढेच आवश्यक असते. ती ज्याला ठाऊक आहे, त्याचे बोलणे पडदा उघडण्याआधीचे असले तरी समीक्षाच होय.

या अधिकाराची कल्पना मराठी भाषेच्या रचनेतच कशी दडलेली आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. नटाने भूमिका घेण्याच्या क्रियेला मराठीत एकच शब्द नाही. दंडारीत व खडी गंमतीत 'सोंग' असते. ते घेतले जाते, आणले जाते, वठवले जाते. सोंग गावाचे असते. यंदा ते एकाने घेतले, पुढल्या दिवाळीत दुसऱ्याने घेतले, तरी कोणाची जागा कोणी बळकावली असे म्हणण्याची वेळ सहसा येत नाही. पोशाख तोच, रंग तोच, चाल तीच. आत कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि ठाऊक असल्यानेच त्यात गंमत असते. नाटक आले तेव्हा 'काम' हा शब्द पुढे आला. 'तो संभाजीचे काम करतो' या वाक्यात षष्ठी विभक्ती संभाजीला लागली आहे. काम संभाजीचे, नट हा ते काम करून देणारा. येथे भूमिका धनी आहे आणि नट तिचा चाकर, असे म्हटले तरी चालेल.

परंतु एखाद्या नटाने ते काम वर्षानुवर्षे केले आणि लोकांनी ते मानले, म्हणजे भाषेत एक सूक्ष्म पालट घडतो. 'संभाजीचे काम' मागे पडते आणि 'घाणेकरांचा संभाजी' रूढ होतो. षष्ठी भूमिकेकडून नटाकडे सरकली! आता धनी नट आहे आणि भूमिका त्याच्या मालकीची. हा मान पहिल्याच प्रयोगात सहसा मिळत नाही. जाहिरातीने तो देता येत नाही, कारण तो देणारे लोक असतात. दुसरा नट त्या भूमिकेत उभा राहणार असे कळले, की जो वाद पेटतो तो या षष्ठीचाच असतो. नव्या माणसाने संभाजीचे काम करण्यास कोणाचीच हरकत नसते. त्याचा संभाजी होईल काय, हा खरा प्रश्न असतो. 'तो संभाजी शोभत नाही' असे एखादा वृद्ध प्रेक्षक सांगतो, तेव्हा त्याला बहुधा एवढेच सुचवायचे असते, की हा मनुष्य अजून कामच करीत आहे.

याच संदर्भात झाडीबोलीचा एक विशेष नोंदविला पाहिजे. पुरुषनटाने स्त्रीभूमिका केली असता प्रमाण मराठीत तो 'मी शकुंतला केली' असे म्हणेल. प्रयोग कर्मणी; क्रियापद शकुंतलेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पूर्व विदर्भाच्या बोलींत मात्र 'मी काम केलो' अशा धर्तीची वाक्ये सर्रास ऐकू येतात. त्या वळणाने तोच नट 'मी शकुंतला केलो' असे म्हणेल. क्रियापदाने शकुंतलेला सोडले आणि करणाऱ्याला धरले. व्याकरणाच्या एका लकबीवरून लोकांच्या मनोवृत्तीचे निदान करणे हा भाषाशास्त्रातील एक जुना मोह आहे व त्याला बळी पडण्याचे कारण नाही. झाडीचा प्रेक्षक नटाला अधिक मानतो हे या एका प्रत्ययावरून सिद्ध होत नाही. इतके मात्र म्हणता येईल, की करणारा आणि केलेली भूमिका यांपैकी क्रियापद कोणाशी जोडावे या बाबतीत मराठीच्या सर्व बोलींचे एकमत नाही. झाडीबोलीचा व दंडारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकांमुळे या बोलीकडे अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. रंगभूमीविषयीच्या तिच्या शब्दसंपत्तीचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

भूमिकेच्या वारशाचा वाद मराठी रंगभूमीला नवा नाही. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. त्यांची शकुंतला, त्यांची सुभद्रा ज्यांनी पाहिली होती त्यांच्या दृष्टीने त्या नायिकाही भाऊरावांबरोबरच गेल्या होत्या. मधल्या काळात इतरांनी ती कामे केली. पण १९०५ साली नारायणराव राजहंस मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले, तेव्हा वारसाचा शोध संपल्यासारखे झाले. पुढे बालगंधर्वांच्या भूमिका ही स्वतःच एक जोखीम होऊन बसली व त्यांच्यानंतर त्या करणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याच मापाने मोजण्यात आले.

प्रतीक्षेचे सर्वांत ठळक उदाहरणही त्याच काळातले आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ, 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर. खाडिलकरांचे हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर होते; मूळ प्रयोगातील धैर्यधर नानासाहेब जोगळेकर त्याच वर्षी वारले होते. नाटक सर्वांच्या परिचयाचे, पदे पाठ. तरीही दोन मंडळ्यांचे दोन अग्रणी एका रंगमंचावर आले तर काय होईल, या एका प्रश्नावर लोकांची उत्कंठा शिगेला पोचली. कथेत काय घडणार हे ठाऊक असताना निर्माण झालेली ही उत्कंठा होती, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले.

आजच्या तरुण प्रेक्षकाला हीच गोष्ट दुसऱ्या मुलखातून भेटते. अमेरिकेतील महावीरांच्या चित्रपटांत भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे ही नित्याची बाब आहे. १९७८ साली क्रिस्टोफर रीव्ह सुपरमॅन झाला. २०१३ मध्ये हेन्री कॅव्हिल. २०२५ मध्ये डेव्हिड कोरेनस्वेट. २०२२ च्या ऑक्टोबरात कॅव्हिलने आपण परत येत असल्याचे सांगितले व डिसेंबरात येणार नसल्याचे जाहीर केले. या दोन महिन्यांत चाहत्यांनी न झालेल्या चित्रपटाची समीक्षा करून टाकली. २०२१ च्या स्पायडरमॅनपटात तर तीन नटांना एकाच भूमिकेत एकत्र उभे करण्यात आले. खरा कोण, हा वाद निर्मात्यांनी सोडविला नाही, विकला! 'संयुक्त मानापमान' आणि हा चित्रपट यांत साम्य आहे ते एवढेच, की दोन्हींत कथेहून भेट मोठी होती. भेद मात्र मोठा आहे. भामिनीची पदे गुणगुणणाऱ्या प्रेक्षकाला ती कशी म्हणावीत याविषयी मत होते. महावीराच्या चाहत्याचा वाद पुष्कळदा चेहऱ्यावर, उंचीवर आणि पोशाखाच्या रंगावर येऊन थांबतो. अर्थात सर्वच चाहत्यांना हे लागू नाही. चित्रकथा बारकाईने वाचलेल्या चाहत्याला भूमिका ठाऊक असते, आणि त्याचे बोलणे ऐकण्यासारखे असते.

मराठी मुलखाचा महावीर म्हणावा असा पुरुष शोधू गेले, तर संभाजीराजांचे नाव सहज पुढे येते. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ साली आले व काशिनाथ घाणेकरांनी त्यातील संभाजी लोकांच्या मनावर कोरला. २०१७ ते २०२० या काळात अमोल कोल्हे यांचा संभाजी दूरचित्रवाणीने घराघरांत नेला. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' या हिंदी चित्रपटात विकी कौशल त्या वेषात आला. मध्यंतरी २०१८ साली सुबोध भावे यांनी चित्रपटात खुद्द घाणेकरांचीच भूमिका केली, म्हणजे संभाजी करणाऱ्याचे काम! ही परंपरा आता झाडीपट्टीच्या रंगमंचावरील नटाच्या मागे उभी आहे. गावच्या मांडवात तो संभाजी म्हणून आला, की समोरचा शाळकरी मुलगा त्याला मालिकेच्या मापाने मोजतो, आणि त्याच्या शेजारी बसलेला आजा वीस वर्षांपूर्वी याच मैदानावर पाहिलेल्या माणसाच्या मापाने.

या आजाचे माप अधिक मोलाचे आहे, असे म्हणण्यास कारण आहे. झाडीपट्टीत पूर्वी नाटक गावकरीच बसवीत. शेतकरी, शिक्षक, कारागीर असे सारे तालमीला जमत आणि स्त्रीभूमिकाही गावचे पुरुष करीत. त्यामुळे प्रेक्षकांत असे कित्येक असत, की ज्यांनी ती भूमिका स्वतः केलेली होती, निदान तालमीत ऐकून पाठ केलेली होती. नव्या नटाने एखादे वाक्य गाळले तर ते त्यांना कळे. पुढे लाखांदूरपासून जवळ असलेल्या देसाईगंज म्हणजे वडशाला व्यावसायिक मंडळ्यांची पेठ उभी राहिली. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरविते आणि मंडळी गावात येऊन प्रयोग करून जाते. या व्यवस्थेने शेकडो कलावंतांना पोट दिले, हंगामाला शिस्त दिली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची नोंद देशाने घेतली. या लाभांविषयी दुमत नाही.

तथापि याच व्यवस्थेत प्रतीक्षेचे स्वरूप बदलू लागले आहे. प्रयोगांची संख्या मोठी व स्पर्धा तीव्र असल्याने मुंबई-पुण्याकडील, पडद्यावर दिसलेल्या कलावंताचे नाव आणले जाते. हस्तपत्रकावर ते नाव व छायाचित्र ठळक असते. तो कोणते काम करणार हे बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. येथे 'कोण करणार?' या प्रश्नातील कर्म गळून पडते. काय करणार हे ठाऊक नसता कोण येणार एवढेच बोलण्यासारखे उरते, आणि त्या बोलण्याला समीक्षा म्हणता येणार नाही. पाहुण्या नटाला थोड्या तालमींवर उभे राहावे लागते, आतून सांगणाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. ज्या स्थानिक नटाने ती भूमिका हंगामभर वाहिली त्याला त्या रात्री दुय्यम कामावर सरकावे लागते. प्रेक्षक तिकीट काढतो तो नावासाठी, आणि पहाटे घरी जाताना बोलतो तो बहुधा त्या दुय्यम नटाविषयी.

याविरुद्ध असे म्हटले जाईल, की जुन्या मापाचा आग्रह नव्या नटाला जाचक होतो. आक्षेप रास्त आहे. 'नटसम्राटा'तील बेलवलकर १९७० साली श्रीराम लागूंनी उभे केले. त्यानंतर दत्ता भट आले, तेव्हा लागूंच्या आठवणीचे ओझे त्यांना वाहावेच लागले असेल. तरीही भटांचे बेलवलकर निराळे म्हणून ओळखले गेले आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी आणखी तिसरी वाट घेतली. ओझे होते म्हणूनच निराळेपणा दिसला. ज्या भूमिकेची कोणालाच आठवण नाही तीत निराळे काय केले, हे सांगणार कोण?

म्हणून झाडीपट्टीच्या अभ्यासकाने संहिता व प्रयोग यांबरोबरच हे पूर्वरंगाचे बोलणेही टिपून ठेवले पाहिजे. हस्तपत्रके जपली जात नाहीत. हंगाम संपला की ती कुडाच्या भिंतीला चिकटतात किंवा चुलीत जातात. त्यांवर नटाचे नाव कोठे व भूमिकेचे कोठे, कोणत्या सालापासून छायाचित्र मोठे झाले, 'अमुक यांच्या भूमिकेत' हे शब्द केव्हा गळले, हे एकेका गावाच्या पत्रकांवरून लावता येईल. ज्यांनी गावच्या नाटकात कामे केली ते आता वृद्ध आहेत. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांत त्यांच्याकडून भूमिकांच्या वंशावळी लिहून घेणे अजून शक्य आहे: अमुक गावी संभाजी आधी कोणी केला, त्याच्याकडून कोणाकडे गेला, आणि लोकांनी 'त्याचा संभाजी' असे कोणाच्या बाबतीत म्हटले.