दुधाच्या दातांतील रूट कॅनाल-भरण द्रव्ये : जंतुनाशकतेच्या दाव्यांची चिकित्सा

बीजशब्द : दुधाचे दात, रूट कॅनाल, भरण द्रव्य, जंतुनाशक क्षमता

प्रस्तावना :
दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर खर्च कशाला, अशी समजूत समाजात सर्रास आढळते. वस्तुतः दुधाची दुसरी दाढ वयाच्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुखात राहणे अपेक्षित असते. ती फार लवकर काढावी लागली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडते. म्हणूनच मगज मृत झालेली दाढ रूट कॅनाल उपचाराने राखली जाते. नलिका कशाने भरावी याविषयी विपुल संशोधन झाले असून, त्यातील मोठा भाग द्रव्यांच्या जंतुनाशक क्षमतेशी निगडित आहे. त्या संशोधनपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

द्रव्यांचे स्वरूप :
कायमच्या दातात वापरला जाणारा गटापर्चा येथे चालत नाही. दुधाच्या दाताचे मूळ क्रमाने शोषले जाते. भरलेले द्रव्यही त्याच गतीने शोषले जावे लागते. मुळांखाली असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुरास त्यापासून इजा होता कामा नये. शिवाय दाढेच्या नलिका अरुंद व फाटे फुटलेल्या असल्याने यांत्रिक सफाई अपुरी राहते. उरलेल्या जंतूंचा बंदोबस्त द्रव्याने करावा, ही अपेक्षा त्यामुळे रास्तच आहे. झिंक ऑक्साइड-युजेनॉल मुळापेक्षा सावकाश शोषले जाते व त्याचे कण मागे राहू शकतात. व्हिटापेक्स, मेटापेक्स यांसारखी कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्म मिश्रणे लवकर शोषली जातात. कित्येकदा मुळाआधीच नलिका रिकामी होते. एंडोफ्लासमध्ये या सर्व घटकांचा मेळ घातलेला आहे.

चाचणीच्या मर्यादा :
जंतुनाशक क्षमता बहुधा अगारच्या थाळीवर मोजली जाते. द्रव्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ जितके मोठे, तितके द्रव्य प्रभावी, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु हे वर्तुळ द्रव्याच्या मारकतेइतकेच त्याच्या अगारमध्ये पसरण्याच्या गुणावरही अवलंबून असते. युजेनॉल सहज पसरते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड फारसे पसरत नाही. म्हणजे या क्रमवारीत मारकता आणि प्रसरण यांची गल्लत होते. दुसरे असे की, थाळीवर डेंटिन नसते. प्रत्यक्ष दातात डेंटिन कॅल्शियम हायड्रॉक्साइडची अल्कता मंदावते. तिसरी बाब जंतूंच्या निवडीची. अनेक अभ्यासांत एन्टेरोकोकस फिकॅलिस हा एकच जंतू घेतला जातो. प्रौढांच्या अयशस्वी रूट कॅनालमध्ये तो वारंवार आढळतो हे खरे. तथापि दुधाच्या दातातील संसर्ग अनेक प्रकारच्या, विशेषतः ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि ते थर करून राहतात. कोरफड, कडुनिंब यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांची चाचणीही याच थाळीवर झाल्यास तिचे निष्कर्ष तितकेच मर्यादित मानले पाहिजेत.

मारकता हाच एकमेव निकष धरल्यास काय होते, याचे उदाहरण सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल व मिनोसायक्लिन यांच्या मिश्रणात दिसते. जंतूंवर ते प्रभावी आहे. परंतु मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिन वर्गातील असल्याने वाढत्या दातास डाग पडण्याची भीती असते. त्यामुळे त्याऐवजी क्लिंडामायसिनचा पर्याय पुढे आला.

निष्कर्ष :
2018 च्या कोक्रेन समीक्षेने दुधाच्या दातांवरील मगज-उपचारांच्या 87 चाचण्या तपासल्या, तरीही बहुतांश तुलनांतील पुरावा दुबळाच ठरला. यावरून प्रयोगशाळेतील वर्तुळ आणि बालकाच्या तोंडातील यश यांत मोठे अंतर असल्याचे स्पष्ट होते. काढलेल्या दुधाच्या दातांच्या मुळांतच, बहुजंतुक थरांवर चाचणी व्हावी आणि उपचारित दाताचा मागोवा तो पडेपर्यंत घेतला जावा. दाताचे उरलेले आयुष्य, मुळाची स्थिती आणि वरच्या भरणाची घट्टता यांचा विचार न करता केवळ मिलिमीटरांवर द्रव्य निवडणे शास्त्रीय ठरत नाही. थाळीवरचे वर्तुळ चोवीस तासांचे असते, दाढेला मात्र कित्येक वर्षे टिकायचे असते.