फोटोतली बाई कोण?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत नातेसंबंधांवर एखाद-दुसरा प्रश्न असतोच. त्याच्या तयारीसाठी दादर-गिरगावच्या दुकानांत मिळणारी काही मार्गदर्शक पुस्तके आम्ही चाळली. बरीच कोडी इंग्रजीतून उचललेली आहेत हे लगेच कळते. नमुना पाहा :

'फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून सुरेश म्हणाला, हिच्या एकुलत्या एक भावाचा मुलगा हा माझ्या बायकोचा भाऊ. तर ती सुरेशची कोण?' पर्याय : आई, सासू, मावशी, सासऱ्यांची बहीण.

पुस्तकाचे उत्तर चौथे, आणि स्पष्टीकरण एका ओळीचे. लालबागच्या एका वर्गात आठवीतल्या मुलीने 'आई'वर खूण केली आणि तिला फुली मिळाली. आम्ही सहज विचारले, तर म्हणाली, "आमच्या घरी असंच आहे. बाबांना मामाचीच मुलगी दिलीय. आजी म्हणजे आईची आत्या."

आता कोडे कागदावर मांडू. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. लग्नाची रेघ आडवी, अपत्याची उभी. सुरुवात वाक्याच्या शेवटापासून करावी, कारण ओळखीचा माणूस, म्हणजे सुरेश, तिथे आहे. सुरेशचा चौकोन, शेजारी बायकोचे वर्तुळ, तिच्या बाजूला भावाचा चौकोन. त्या दोघा भावंडांच्या वर वडिलांचा चौकोन. हेच फोटोतल्या बाईचे भाऊ. त्यांच्या शेजारी त्या बाईचे वर्तुळ. ती सुरेशच्या सासऱ्यांची बहीण झाली. आपल्याकडे तिला सरळ आतेसासू म्हणतात, पण पुस्तकाला तो शब्द सुचलेला नाही!

आकृतीत एक जागा मात्र रिकामी राहते, सुरेशच्या आईची. तिथे हेच वर्तुळ बसणार नाही असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. म्हणजे 'सासऱ्यांची बहीण' असलीच पाहिजे; 'आई' असू शकते. पुस्तकाचे उत्तर बरोबर आहे, पण मुलीचे उत्तर अशक्य नव्हते. 'असलेच पाहिजे' आणि 'असू शकते' यांतला फरक हाच या कोड्याचा खरा धडा, आणि नेमका तोच पुस्तकात नाही.

शब्दांचीही हेळसांड आहे. 'एकुलता एक' काढून टाकले तरी उत्तर बदलत नाही. उलट मराठीत चुलत, मामे, मावस सगळेच भाऊ. म्हणून 'सख्खा' हवाच होता, तो नाही.

मुलीच्या घरची गोष्ट अपवादात्मक नाही. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल नोंदवली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तिथे अशा लग्नाला वाट ठेवली आहे. इंग्रजी कोडे रचणाऱ्याच्या मनात हे येण्याचे कारण नव्हते. मराठीत आणणाऱ्याच्या यायला हवे होते.

हेच चौकोन आणि वर्तुळे आनुवंशशास्त्रातही वापरतात, आणि नात्यातल्या लग्नाला तिथे दुहेरी रेघ असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये ज्या रक्तगटाची नोंद केली, तो पुढे 'बाँबे रक्तगट' म्हणून ओळखला गेला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' दिसते. पण अशा व्यक्तीच्या मुलाचा गट 'एबी'सुद्धा निघू शकतो. वंशवृक्षात हे अशक्य वाटते, आणि नसता संशय आईवर येतो. खरे कारण असे की ए किंवा बी चा जनुक असतो, पण ज्या 'एच' पदार्थावर ते गट उभे राहतात तो तयारच होत नाही. त्यासाठी दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि दुहेरी रेघेच्या घरात तशी शक्यता वाढते.

वर्गात देण्यासाठी कोडे असे दुरुस्त करता येईल : 'हिच्या सख्ख्या भावाचा मुलगा हा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. ती माझी नक्की कोण? आणखी कोण असू शकेल?' दुसऱ्या प्रश्नाला गुण ठेवावेत, आणि पर्याय देऊ नयेत.